देह नाही, फक्त कान द्यायचे असतील तर? गोव्यातून काय करता येईल

तिसवाडीकर

देहदानाबद्दल इथे पूर्वी भरपूर लिहून झालंय, म्हणून हा धागा कानापुरताच. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे संपूर्ण देह देता येतो, हे बहुतेकांना माहीत आहे. पण काही घरांत अख्खा देह द्यायला मन धजत नाही. अग्नी द्यायचा असतो किंवा मातीत ठेवायचं असतं. तरीही ज्या माणसाला वीस-तीस वर्षं नीट ऐकू आलं नाही, त्याचे कान तरी कुणाच्या अभ्यासाला लागावेत, अशी इच्छा असते.

जाणकारांनी सांगावं. कान म्हणजे नेमकं काय काढतात? चेहरा बिघडतो का? किती तासांच्या आत? आणि शिकाऊ सर्जन ज्यावर ड्रिल चालवतात तोच कान संशोधनालाही चालतो का?

शंखास्थी

पहिल्या प्रश्नापासून. बाहेरची कानाची पाळी कुणी घेत नाही. घेतात ते कवटीच्या बाजूचं हाड, टेम्पोरल बोन. पडद्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं, तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि ऐकण्याचं काम करणारा, गोगलगाईसारखा अडीच वेढ्यांचा कॉक्लिआ, सगळं या एका हाडात बसलेलं असतं. रिकीब साधारण ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. चेहऱ्याची नसही याच हाडातून वळणं घेत बाहेर पडते.

दान का लागतं, तर जिवंत माणसाच्या आतल्या कानाचा तुकडा काढून तपासता येत नाही. यकृताची बायॉप्सी होते, मूत्रपिंडाची होते. कॉक्लिआला सुई लावली की तो कान गेलाच. एमआरआयमध्ये कॉक्लिआचा आकार दिसतो, पण त्यातल्या आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी दिसत नाहीत. म्हणून कानाच्या आजारांबद्दल आपल्याला जे ठाम माहीत आहे त्यातलं बरंचसं मृत माणसांच्या कानांनी शिकवलेलं आहे. ओटोस्क्लेरोसिस हा हाडाचाच वेगळा आजार आहे, हे पोलिट्झर या कानाच्या डॉक्टरने १८९३ मध्ये असे कान तपासून मांडलं. चक्कर आणणाऱ्या मेनिएरच्या आजारात आतल्या द्रवाची पिशवी फुगते, हे १९३८ मध्ये इंग्लंडात आणि जपानात वेगवेगळ्या डॉक्टरांनी मृत रुग्णांच्या कानांत पाहिलं. आवाजाची लाट कॉक्लिआच्या पडद्यावरून कशी धावते, हे बेकेशी या शास्त्रज्ञाने प्रेतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि १९६१ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

मयेकर७

शंखास्थी, तुमच्या नावावरूनच विचारतो. शंखास्थी हे नाव कॉक्लिआ शंखासारखा असतो म्हणून पडलं का?

शंखास्थी

नाही, घोटाळा होतो खरा. संस्कृतात शंख म्हणजे कानशील. आयुर्वेदातलं शंख मर्म तेच. कानशिलाचं हाड म्हणून शंखास्थी. आत गोगलगाय निघाली हा योगायोग.

अनाटमीवाला

चेहऱ्याबद्दल मी सांगतो, कारण नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये.

दोन वाटा आहेत. पहिली आतून. एका कानामागून डोक्याच्या माथ्यावरून दुसऱ्या कानामागपर्यंत चीर घेतात, कवटीचं झाकण काढतात, मेंदू बाहेर घेतात आणि मग कवटीच्या तळातून दोन्ही हाडं काढतात. दुसरी बाहेरून. पाळीच्या मागच्या घडीत चीर घेऊन पाळी पुढे दुमडतात आणि हाड मागच्या बाजूने सोडवतात. दोन्हींत पाळी जागेवर राहते. टाके केसांत किंवा पाळीमागे जातात. डोकं उशीवर टेकवलं की समोरून काही दिसत नाही. टक्कल असेल तर माथ्यावरची चीर दिसेल, तिथे मागून जाणं बरं. हे घरच्यांना आधीच सांगावं.

हाड काढल्यावर आत पोकळी राहते. ती कापूस किंवा प्लास्टरने भरून घ्यावी लागते, नाहीतर कानशील आत बसल्यासारखं दिसतं. कानाची बाहेरची नळीही आतून शिवून बंद करायची, नाहीतर पाळीतून स्राव येऊन उशी भिजते. सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आतली कॅरोटिड धमनी. ती याच हाडातून जाते आणि हाड काढताना कापली जाते. तिचं टोक बांधलं नाही आणि पुढे एम्बामिंग (देह टिकवायला रक्तवाहिनीतून औषध भरणं) करायचं असेल, तर औषध मानेतून चढून त्या पोकळीत वाहून जातं, चेहऱ्याला पोचत नाही. गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे. गल्फहून, लंडनहून मुलं येईपर्यंत देह दोन-तीन दिवस ठेवायची वेळ पुष्कळ घरांवर येते.

आल्डोना_बार्देश

आमच्याकडे पेटी उघडी ठेवून चॅपलमध्ये सगळे शेवटचं दर्शन घेतात. तेव्हा काही जाणवेल का? आणि चर्चची हरकत?

अनाटमीवाला

बाई, वर लिहिलेली सगळी कामं नीट झाली असतील तर जाणवणार नाही. करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की पेटी उघडी राहणार आहे, म्हणजे तो पाळीमागूनच जाईल. कॅथलिक चर्चची अवयवदानाला हरकत नाही. उरलेल्या देहाला सन्मानाने माती मिळावी एवढंच बघायचं, आणि फक्त कान दिले तर देह तुमच्याकडेच येतो.

ऑडिओ_फोंडा

तिसवाडीकरांच्या शेवटच्या प्रश्नावर थांबू या, कारण सगळी गफलत तिथेच होते. शिकण्यासाठीचा कान आणि संशोधनासाठीचा कान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच्या नियमाने दुसरा सांभाळला की वाया जातो.

ड्रिलच्या सरावाला हाड मोठं हवं, मागचा मॅस्टॉइड (कानामागचा हाडाचा उंचवटा) आणि वरचा पातळ भाग धरून अख्खा ठोकळा. ते उणे २० अंशाला गोठवलं तरी चालतं, वर्षभर फॉर्मलिनमध्ये असलं तरी चालतं. माणूस कुठल्या वयात गेला, त्याला ऐकू येत होतं की नव्हतं, याने काही फारसं अडत नाही.

संशोधनाला उलट. गोठवायचं नाही, कारण बर्फाचे कण आतले नाजूक पडदे फाडतात. ४ अंशाला ठेवायचं आणि लवकरात लवकर फॉर्मलिनमध्ये घालायचं. केसपेशी मृत्यूनंतर काही तासांतच विरघळायला लागतात. सहा तासांच्या आत मिळालं तर उत्तम, बारापर्यंत चांगलं, चोवीस तासांनंतर केसपेशी मोजण्यात अर्थ नाही. हाडाचा आजार किंवा ऐकू येण्यासाठी आत बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटभोवती काय झालं हे बघायला तोही कान उपयोगी पडतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑडिओग्राम. माणसाला किती ऐकू येत होतं याची नोंद नसेल तर आतला बिघाड कशाशी जोडणार? २०२० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी शवविच्छेदनातून मिळालेले १२० कान तपासले. म्हातारपणीचं बहिरेपण कॉक्लिआला वीज पुरवणारा भाग सुकल्यामुळे येतं, असं तोपर्यंत बऱ्याच अंशी मानलं जाई. त्यांना दिसलं की हिशेब केसपेशींच्या नाशाशी जुळतो. हे कशावरून कळलं, तर प्रत्येक कानासोबत त्या माणसाचा जिवंतपणीचा ऑडिओग्राम होता म्हणून.

मयेकर७

म्हणजे ज्याच्याकडे ऑडिओग्राम नाही त्याने कान देऊच नये?

ऑडिओ_फोंडा

असं अजिबात नाही. सरावासाठी द्यावा, त्याची गरज रोजची आहे. फक्त संशोधनासाठी म्हणून दिला आणि नोंद नसली, तर त्यातून मिळायचं ते अर्धंच मिळतं.

पेडण्याची_माई

एवढं कशाला? आता थ्री-डी प्रिंटरची हाडं मिळतात, संगणकावरचे सिम्युलेटर आहेत. आणि बोकडाचं डोकं तर मटणवाल्याकडे केव्हाही मिळतं.

ड्रिल_आणि_डायमंड

माई, तिन्ही वापरावीत, पण कुठवर ते बघा.

सुरुवात तर कोंबडीच्या अंड्यावर करतात. कच्चं अंडं घट्ट बसवायचं आणि डायमंड बरने (ड्रिलच्या हिरेकणी लावलेल्या गोल टोकाने) कवच घासत न्यायचं, आतला पातळ पापुद्रा न फाटता. मेंदूच्या आवरणावरचं हाड पातळ करताना हाताला हीच सवय लागते. बोकडाचा कान पडदा आणि रिकिबीच्या सरावाला छान. पण त्याला माणसासारखा हवेच्या पेशींनी (छोट्या पोकळ्यांनी) भरलेला मॅस्टॉइड नसतो आणि चेहऱ्याच्या नसेची वाटही वेगळी. त्यावर मॅस्टॉइड शिकलात तर चुकीचा नकाशा पाठ होईल. प्रिंट केलेलं हाड सगळीकडे सारखंच कापलं जातं. खऱ्या हाडात भुसभुशीत पेशी संपून कठीण पिवळट हाड लागलं की ड्रिलचा आवाज बदलतो, तो तिथे ऐकू येत नाही.

आता खऱ्या हाडावर काय करतात ते सांगतो, म्हणजे दान कशात खर्च होतं ते कळेल. हाड धातूच्या वाटीत तीन-चार स्क्रूंनी पकडतात. कानाची नळी वर, गालाच्या हाडाची दांडी पुढे, मॅस्टॉइडचं टोक खाली. ही दिशा चुकली की पुढचं सगळं चुकतं. उजवं हाड डाव्यासारखं बसवून बसलेले विद्यार्थी दर बॅचमध्ये असतात. नळीमागचा हेन्लेचा छोटा काटा शोधायचा, त्याच्या वर-मागे मॅकएवेनचा त्रिकोण. मोठ्ठा, ६ मिलिमीटरचा कटिंग बर घेऊन रुंद बशीसारखं खणायचं, विहिरीसारखं अरुंद नाही. मोठ्या माणसात साधारण दीड सेंटिमीटरवर अँट्रम, म्हणजे मधल्या कानाला जोडलेली पोकळी, लागतं. वाटेत कधी कधी कोर्नरचं पडदेवजा हाड आडवं येतं. नवशिक्याला वाटतं हाच तळ, आणि तो तिथेच थांबतो किंवा भलतीकडे वळतो. अँट्रमच्या तळाशी आडव्या अर्धवर्तुळाकार नळीचा पिवळट घुमट चकाकतो. तो दिसला की ऐरणीचं आखूड टोक, आणि त्याच्या खाली नस.

इम्प्लांटसाठी नस आणि कॉर्डा टिंपनी ही तिची चवीची बारीक शाखा यांच्यामधली चिंचोळी फट आधी २, मग १ मिलिमीटरच्या डायमंडने उघडायची. ड्रिल नसेच्या लांबीच्या दिशेने चालवायचं, आडवं कधीच नाही. पाणी सतत हवं. पाणी थांबलं की हाड तापतं, आणि जिवंत माणसात ती उष्णता नसेला लागते. बर ऐरणीला टेकला तर कंप थेट आतल्या कानात जातो. प्रेताच्या हाडात कुणी ओरडत नाही, म्हणून ही चूक शिकवणाऱ्याने बघून सांगावी लागते. रक्तस्राव मात्र या सरावात शिकता येत नाही, तो ऑपरेशनलाच.

अनाटमीवाला

ड्रिल_आणि_डायमंड यांना जोडून. ही हाडं प्रत्यक्षात मिळतात कुठून, तर बहुतेक वेळा संपूर्ण देहदानातूनच. आणि तिथेच ती वाया जातात. पहिल्या वर्षाच्या मुलांचं डोकं-मानेचं विच्छेदन सुरू झालं की ती मधल्या कानाचं छत छिन्नीने फोडून आतली हाडं बघतात. अभ्यास म्हणून ठीकच आहे, पण तो कान ड्रिलला गेला. म्हणून कान-नाक-घसा विभागाने वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी सांगावं की अमुक देहांचे कान राखून ठेवा. मुलांना छत उघडून दाखवायला एक-दोन देह पुरतात. डोकं मधोमध उभं कापलं तरी कानाच्या हाडाला धक्का लागत नाही. झाकणाची करवत फार खाली आली तर मात्र वरचा पातळ भाग तुटतो.

काढलेलं हाड लगेच लेबल करा: देहाचा क्रमांक, डावं की उजवं, काढल्याची तारीख. पातळ कागदाची चिठ्ठी फॉर्मलिनमध्ये विरते. जाड कागदावर पेन्सिलीने लिहून आत टाका, पेनाने नाही.

सांखळी_लॅब

फॉर्मलिनचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुकानातलं फॉर्मलिन १ भाग, पाणी ९ भाग. एका लिटरला मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे बफर टाळून नुसतं फॉर्मलिन वापरलं की ते हळूहळू आंबट होतं, काचपट्टीवर काळपट रंगद्रव्य बसतं. हाडाच्या किमान दहापट द्रव घ्या, दुसऱ्या दिवशी बदला. संशोधनाचा कान असेल तर नुसतं बुडवून उपयोग नाही, द्रव कठीण हाडातून आत पोचायला फार वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्लिआच्या गोल खिडकीचा पडदा अलगद उघडून आत द्रव सोडतात.

पुढे ईडीटीएमध्ये हाडातलं कॅल्शियम काढायला कित्येक महिने जातात. घाईने जोरदार ॲसिड वापरलं की मऊ भाग नीट रंग घेत नाहीत. मग सेलॉइडिन या घट्ट होणाऱ्या द्रवात बसवून २० मायक्रोमीटरचे काप. एका कानाला एकूण वर्षाहून अधिक. घरच्यांना दोन महिन्यांत रिपोर्ट मिळेल असं कुणीही सांगू नये.

ड्रिलच्या आदल्या दिवशी हाड वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवा, वास पुष्कळ कमी होतो. तरीही चष्मा आणि एन-९५ मास्क हवाच. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि हाडाचा भुगा नाकात जातो. गोठवलेल्या हाडाला तर जंतूंचीही भीती. भुगा सिंकमध्ये सोडू नका. पाइप तुंबतो, आणि तो मानवी अवशेष आहे. गाळून वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझरचं काय, हे आधी ठरवा. एकदा वितळून परत गोठवलेल्या हाडातला पडदा हात लावताच सुटतो.

पेडण्याची_माई

सगळ्यांचं वाचलं. अंडं आणि बोकड इथवर ठीक, पुढे माणसाला पर्याय नाही हे पटलं. एक शंका. डोळे आधीच दिले तर कान घेतात का?

शंखास्थी

घेतात. नेत्रदानाने कानाच्या हाडाला काही होत नाही. क्रम एवढाच: डोळे आधी, साधारण सहा तासांच्या आत, लगोलग कान. दोन्ही पथकांना एकाच वेळी फोन करा.

कायदेकानू_मडगाव

कागदांचं बोलू. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा दुसऱ्या रुग्णाच्या उपचारासाठी आहे. शिक्षणासाठीच्या देहाला ॲनॅटमी कायदा लागतो, आणि संशोधन असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तेव्हा दात्याच्या संमतीपत्रात "शिक्षण" आणि "संशोधन" हे दोन्ही शब्द वेगळे लिहा. नुसतं "वैद्यकीय उपयोगासाठी" लिहिलं की प्रत्येकजण आपापला अर्थ काढतो.

अपघात, बुडणं, विषबाधा, आत्महत्या असेल तर प्रकरण पोलिसांकडे जातं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. तपास अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कानाला हात लावायचा नाही. शवविच्छेदनात कवटी उघडलीच आहे म्हणून कान काढून घेणं हा संमतीशिवायचा प्रकार आहे, तो होऊ देऊ नका.

एचआयव्ही, हिपॅटायटिस, क्षय, अंगभर पसरलेला संसर्ग, कारण न कळलेला झपाट्याचा स्मृतिभ्रंश, अशा वेळी नकार येतो. स्मृतिभ्रंशाचं कारण असं की त्यामागे असू शकणारी प्रायॉन ही बिघडलेली संसर्गजन्य प्रथिनं फॉर्मलिननेही निकामी होत नाहीत. नकाराने घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, फॉर्म ४-अ, हॉस्पिटलात झाला तर फॉर्म ४. हा हातात नसताना देह हलवला की वेळ जातो. १०८ ची गाडी रुग्णांसाठी आहे, देहाला शववाहिका लागते. काणकोणहून बांबोळी सत्तर किलोमीटरच्या आसपास, रात्री गाडी मिळेपर्यंत दोन तास तिथेच जातात.

हाडं विकत घेण्याचा विचारही नको. मानवी सांगाड्यांची निर्यात भारताने १९८५ मध्येच बंद केली, त्यामागची स्मशानातल्या चोरीची कारणं इथेही लागू आहेत.

तिसवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. देहदानाच्या अर्जात कान वेगळे लिहायची जागा नसते. मग घरच्यांनी आज नेमकं काय करून ठेवावं?

ऑडिओ_फोंडा

अमेरिकेत १९९२ पासून कानाच्या हाडांची राष्ट्रीय नोंदवही आहे. लोक जिवंतपणी नाव देतात, ऑडिओग्राम सोबत ठेवतात, मृत्यू झाला की एका नंबरवर फोन जातो. आपण घरापुरतं तेच करायचं.

शरीररचनाशास्त्र विभागाच्या प्रमुखांना आत्ताच भेटा, फक्त कान घेण्याची त्यांची तयारी आहे का ते लेखी घ्या, आणि रात्री-अपरात्री फोन कुणी उचलायचा त्याचं नाव घ्या. नाही म्हणाले तर देहदान किंवा नेत्रदान हे पर्याय उघडे आहेतच. दात्याची सही, दोन साक्षीदार, त्यातला एक घरचा. घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, कारण त्या रात्री एकानेही नाही म्हटलं तरी कुणी पुढे जाणार नाही. देह घरी असेल तर एसी लावा, डोकं थोडं उंच ठेवा, कानात कापूस किंवा तेल घालू नका. श्रवणयंत्र काढून त्याची कंपनी आणि किती वर्षं वापरलं ते चिठ्ठीवर लिहा. इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड.

आणि एका प्लास्टिकच्या फाइलीत सगळे ऑडिओग्राम, जुने सुद्धा, तारखेच्या क्रमाने.

मयेकर७

आमच्या वाड्यावरच्या बहुतेकांकडे एकच ऑडिओग्राम असतो, तोही यंत्र घेताना काढलेला.

ऑडिओ_फोंडा

एकही पुष्कळ आहे. त्यासोबत टिंपॅनोमेट्रीची (कानाच्या पडद्याच्या हालचालीच्या तपासणीची) ती गुळगुळीत कागदाची पट्टी असते, ती थर्मल पेपरवर छापलेली असते, दोन-तीन वर्षांत कोरी होते. आजच फोटो काढून ठेवा.